गणपती गेले की पखवाजाचा वर्ग ओस पडतो, काय करावं?

कुळीथपिठी

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचनमात्र होतो, आज गाऱ्हाणं घेऊन आलोय.

नोकरी संपवून मुंबईहून कुडाळजवळच्या आमच्या गावी येऊन मला चार वर्षं झाली. पट कमी झाला म्हणून बंद पडलेल्या शाळेची एक खोली ग्रामपंचायतीने दिलीय, तिथे आम्ही तिघं मिळून वादनाचा वर्ग चालवतो. तिघं म्हणजे पखवाज शिकवणारे आमचे बुवा (वय ७१), तबला-ढोलकीला एक तरुण शिक्षक जो आठवड्यातून दोनदा स्कूटरवरून येतो, आणि मी, म्हणजे कुलूप काढणारा, सतरंज्या झटकणारा आणि फी मागायला लाजणारा. मंगळवार, गुरुवार, शनिवार, संध्याकाळी ५ ते ८. फी महिना २००, ज्याला जमत नाही त्याला तीही नाही. वाद्यं गावाची. पाच पखवाज, त्यातले दोन नटबोल्टचे, तबल्याच्या दोन जोड्या, तीन ढोलक्या आणि एक ढोल ज्याच्यावर सध्या मांजर झोपतं.

तर अडचण अशी की मिरग पडला की पोरं यायला लागतात. आषाढात वीस, श्रावणात पस्तीस-चाळीस, मग पडवीत पण बसवावी लागतात. सगळ्यांना एकच पाहिजे, चतुर्थीत आरतीला आणि भजनाला हात चालला पाहिजे. आणि अनंत चतुर्दशी झाली की पुढच्या मंगळवारी मी कुलूप काढतो, सतरंज्या घालतो, आणि बुवा नि मी एकमेकांची तोंडं बघत बसतो. गेल्या वर्षी तीन पोरं उरली. त्यातले दोन बुवांचे नातू.

बुवा म्हणतात "असंच चालायचं, तू कशाला जीव जाळतोस". मला ते पटत नाही. वर्ग वर्षभर टिकवायचा कसा? फी वाढवू? परीक्षांना बसवू? कोणी असं काही चालवलंय का?

तिरफळ

पहिला नंबर. फी वाढवू नका, उरलेले तीन पण जातील. :)

पेटीवाला

फी वाढवाच. फुकट मिळतं त्याची किंमत नसते. २०० रुपयात आजकाल वडापाव पण... बरं, वीस येतात. पण मुद्दा समजून घ्या.

नारळीभात

परीक्षेला बसवा. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा तबल्याला आहेत तशा पखवाजालाही आहेत. प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण अशा पायऱ्या आहेत, पुढे मध्यमा आणि विशारद. वर्षातून दोनदा होतात, उन्हाळ्यात आणि दिवाळीच्या पुढेमागे. म्हणजे तुमचे पोर गणपतीनंतर पळायला लागले की त्याला सांगायचे "अरे फॉर्म भरलाय, आता कुठे चाललास". आईवडिलांनाही सर्टिफिकेट दिसले की बरे वाटते. माझी मुलगी याच धाकाने पाच वर्षे टिकली, आता स्वतःहून बसते.

धाकटा_बुवा

@नारळीभात, तुमच्या मुलीचं कौतुक आहेच, पण भजनाला परीक्षेतलं पोर बसवून बघा एकदा. त्याला त्रिताल १६ मात्रा, टाळी कुठे खाली कुठे सगळं तोंडपाठ असतं आणि बुवांनी गजर चढवला की याचा हात गळतो. आमच्याकडे डबलबारीला (दोन बुवांच्या भजनी सामन्याला) समोरचा बुवा काय टाकेल त्याचा नेम नाही, तिथे वहीत बघून वाजवणार का? आमचे आजोबा निरक्षर होते, रात्रभर वाजवायचे.

नारळीभात

आजोबा निरक्षर होते म्हणून चांगले वाजवायचे असे नाही ना. आणि पढंत म्हणजे वही नव्हे. हाताने टाळी देत तोंडाने बोल म्हणायचे, मग हात वाद्यावर. तुमच्या आजोबांनी पण हेच केले असणार, फक्त त्याला पढंत म्हटले नसेल. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले तेच मुळी गुरूच्या घरी राहणे ज्यांना शक्य नाही त्यांना शिकता यावे म्हणून. आता तुमच्या बुवांच्या घरी बारा वर्षे पाणी भरायला कोण येणार आहे?

तिरफळ

बुवांच्या घरी नळ आलाय. पाणी भरायची गरजच नाही.

आबलोली_आवाठ

माझो झील (मुलगो) अशाच एका वर्गाक जाय होतो. दोन म्हयन्यात भजनी ठेको इलो, तिसऱ्या म्हयन्यात मंडळवाले घराकडे इले, म्हणाले आमचो पखवाजी मुंबैक गेलो, तुमच्या झिलाक धाडा. आता तो चवथीत पाच घरांनी वाजवता आणि वर्गाक जा म्हटला तर म्हणता माका येता मा सगळा. आता तुमीच सांगा, चूक कोणाची?

कुळीथपिठी

@आबलोली_आवाठ, अगदी हेच होतं बघा. एक ठेका आला की पोरगा मंडळात. आणि मंडळवाल्यांना मी काय बोलणार, ते आमचेच भाऊबंद.

बारावी_पास

मी अशाच वर्गातून गळलेला पोरगा आहे म्हणून लिहितो. वय १९. तीन महिने शिकलो, रोज घरी उशीवर सराव, आई ओरडायची. चतुर्थीला वाटलं आता आपण आरतीला वाजवणार. पहिल्याच दिवशी आरतीला बसलो तर मुंबईहून आलेले काका म्हणाले "दे रे इकडे, तुला नाही जमणार", आणि पखवाज ओढून मांडीवर घेतला. नंतर पाच दिवस तेच. त्यांना लयीचा पत्ता नाही, सुरुवात एका चालीत शेवट दुसऱ्या चालीत, टाळवाले त्यांच्या मागे धावतायत. मी टाळ वाजवले. पुढच्या मंगळवारी वर्गाला कशाला जाऊ? तुम्ही विचारताय मुलं का गळतात, म्हणून सांगितलं.

सोलकढी_दोन_ग्लास

बापरे. हे कधी डोक्यातच आलं नव्हतं.

चाकरमानी_वरचीवाडी

@बारावी_पास, तुझे काका कोण ते माहीत नाही पण तसा एक काका मी पण आहे, तेव्हा बाजू मांडतो. अरे आम्ही अकरा महिने लोकलमध्ये लटकतो. रेल्वेचं तिकीट दोन महिने आधी उघडतं, पहिल्या दोन मिनिटांत संपतं, मग खासगी बसने हायवेवर चौदा तास हाडं खिळखिळी करून घरी पोचतो. वर्षातून एकदा पखवाज मांडीवर मिळतो. लहानपणी आम्ही पण असेच शिकलो होतो. हात राहिला नाही हे आम्हालाही कळतं रे, पण ते दहा दिवस कळून घ्यायचं नसतं.

तरी पण तुझं बरोबर आहे. या वर्षी पुतण्याला देतो. निदान दुसऱ्या आरतीला.

तिरफळ

"दुसऱ्या आरतीला" =)) =))

लाल_माती

सगळे मुलांना वर्गात आणायचं बोलतायत, जरा शेजाऱ्यांचं बोलू का? आमच्या घराला लागून असाच वर्ग आहे (धागाकर्त्यांचा नव्हे, काळजी नसावी). चाळीस मुलं, चाळीस वेगळ्या लयी, रोज तीन तास "धा धा दिं ता". सासूबाई आजारी होत्या तेव्हा मी दोनदा जाऊन हात जोडले. उत्तर मिळालं, "ताई, देवाचं काम आहे". देवाला पण थोडी झोप लागत असेल ना? कायद्याने म्हणाल तर २००० सालच्या नियमांप्रमाणे वस्तीच्या भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे आणि रात्र म्हणजे १० ते ६. पण मी कायदा काढला की गावात माझं तोंड बघणार कोण.

पेटीवाला

अंड्यांचे ट्रे लावा भिंतींना. पोल्ट्रीवाल्याकडे फुकट मिळतात.

गंजलेला_स्ट्रिंग

अंड्यांच्या ट्रेने आवाज बाहेर जायचा थांबत नाही हो. खोलीतला घुमारा थोडा कमी होतो इतकंच. आवाज अडवायला वजनदार भिंत आणि बंद फटी लागतात, आणि आपल्या शाळांना वर कौलं, भिंत आणि छपराच्या मध्ये हात जाईल एवढी फट. तिथूनच सगळा जातो. माझा अनुभव सांगतो, मी एका वर्गात तबला शिकवायचो तिथे पहिला पाऊण तास वाद्यच नाही. फक्त पढंत, टाळी देऊन. मग मांडीवर बोटं. मग जोडीने दोघंच वाजवणार, बाकीचे टाळी धरणार. चाळीस जणांनी एकदम वाजवलं की कोणालाच स्वतःचा हात ऐकू येत नाही, शिकणार काय? शेजारीण खूश आणि मुलांचा ठेका पण पक्का झाला. ज्यांना दम नव्हता ते मात्र गेले, खोटं कशाला बोलू.

लाल_माती

@गंजलेला_स्ट्रिंग, तुम्ही आमच्या गावात बदली करून या.

कुळीथपिठी

हे बुवांना सांगून बघतो. आमच्याकडे सगळे एकदम वाजवतात, आणि बुवा त्या गोंधळात नेमका चुकणारा ओळखून त्याच्या दिशेने खडू फेकतात. नेम चांगला आहे अजून.

अवांतर: बुवांचं वर्गाआधीचं एक काम मला बघायला फार आवडतं. मूठभर कणीक भिजवतात, पोळीच्या पिठाहून सैल, आणि पखवाजाच्या धुमेवर (डावीकडच्या मोठ्या तोंडावर) मधोमध अंगठ्याने थापत नेतात. मध्ये जाड, कडेला पातळ. एक थाप मारतात, मान वाकडी करून ऐकतात, चिमूटभर आणखी लावतात, पुन्हा थाप. तो खोल "धूंऽ" आला की बाजूला ठेवून पुढचा घेतात. वर्ग संपला की बोथट सुरीने खरवडून काढायची, नाहीतर वाळून पान ओढतं. ती कणीक पडवीत टाकतात आणि शेजारची एक कोंबडी बरोबर आठला हजर असते. सुट्टीच्या दिवशी पण येते बिचारी.

तिरफळ

वर्षभर टिकलेली एकमेव विद्यार्थिनी.

आबलोली_आवाठ

आमच्या घराक भाकरी तांदळाची. गव्हाचा पीठ फक्त पखवाजासाठी येता. बायल म्हणता देवापेक्षा तुझ्या पखवाजाक नैवेद्य जास्त.

हिरवी_चिंच

कोणीतरी पावसाचं बोला रे. मी वेंगुर्ल्याची, घर समुद्रापासून दोन मिनिटांवर, जूनपासून तबला उतरतो तो दिवाळीपर्यंत चढत नाही. हातोडीने गजरा (कडेचा विणलेला गोफ) ठोकून ठोकून एक पुडी (वरचं कातडं) फाटली. काय करता तुम्ही लोक?

गंजलेला_स्ट्रिंग

@हिरवी_चिंच, कातडं हवेतला ओलावा पितं आणि सैल पडतं, म्हणून सूर उतरतो. तो नुसता ठोकून चढवायचा नसतो, आधी कोरडा करायचा. जुन्या कपाटात ४० वॅटचा पिवळा बल्ब लावा, तबला-डग्गा कापडात गुंडाळून बल्बपासून लांबच्या कप्प्यात ठेवा. एलईडी नको, तो गरम होत नाही. वाजवायच्या तासभर आधी काढा. उन्हात किंवा चुलीजवळ ठेवू नका. शाई म्हणजे लोखंडाची पूड आणि खळ यांचे थरावर थर घोटलेले असतात, एकदम तापली की भेगा पडतात आणि मग खपल्या निघतात. आणि गजऱ्याची सोळा घरं असतात, एकाच घरावर राग काढायचा नाही. समोरासमोरची घरं घेत, हलक्या हाताने, फिरत फिरत. खूपच उतरला असेल तर गठ्ठे (वादीखालचे, म्हणजे ताणायच्या चामडी पट्टीखालचे, लाकडी ठोकळे) खाली सरकवा. काम झालं की पुन्हा सैल करून ठेवा, ताणलेली पुडी कोरड्या हवेत आणखी ओढली जाते नि टचकन जाते.

शिमग्याच्या ढोलाला शेकोटी चालते कारण त्याला शाई नसते. तबल्याला तेच केलं की संपलं.

हिरवी_चिंच

चुलीजवळच ठेवत होते. :( धन्यवाद, वाचनखूण साठवली.

खाडीपलीकडे

विषय निघालाच आहे तर घुमटाचं कोणी बोललंच नाही. आमच्या सावंतवाडी-दोडामार्ग बाजूला गणपतीत घुमट असायचंच, मातीचं मडकं, तोंडाला कातडं. पूर्वी घोरपडीचं लावायचे. घोरपड वन्यजीव कायद्याने संरक्षित, त्यामुळे आता बकऱ्याचं लावतात. पलीकडे गोवा सरकारने २०१९ मध्ये घुमट हे राज्याचं वारसा वाद्य म्हणून जाहीर पण केलं. आवाज तसाच येतो का यावर आमच्या आळीत अजून भांडणं होतात. माझ्या कानाला तरी फरक कळत नाही, पण मी हे आळीत बोलत नाही.

पेटीवाला

गोव्याचं निघालं म्हणून. तबलजी खाप्रूमामा पर्वतकर तिकडचेच, लयभास्कर म्हणायचे त्यांना. एका हाताने एक ताल, दुसऱ्या हाताने दुसरा, असं करून दाखवायचे म्हणतात. आणि तबलावादक भाई गायतोंडे आपल्या कणकवलीचे, थेट अहमदजान थिरकवांचे शिष्य. म्हणजे आपल्या मातीत लय नाही असं नाही, सतरंजीवर बसायला कोणी तयार नाही एवढंच.

कातकाम

गणपतीनंतर पोरं का येत नाहीत याचं साधं उत्तर कोणीच दिलं नाही म्हणून लिहितो. भातकापणी! भाद्रपद संपला की हळवं (लवकर पिकणारं) भात कापायला येतं, मग गरवं (उशिरा पिकणारं), मग मळणी. घरात दोन हात कमी पडतात. पोरगं पाच वाजता पखवाजाला जाणार की भारे उचलणार? त्यात सहामाही परीक्षा. आळशी नाहीत पोरं. तुम्ही मुंबईहून आलात म्हणून तुम्हाला सगळे महिने सारखे वाटतात.

बाकी वाजवायचं काम संपतं असं पण नाही. नवरात्र, कोजागिरी, कार्तिकात काकडआरती, मग जत्रा सुरू, दशावताराला मृदंगवाले मिळत नाहीत म्हणून बोंब असते, दत्तजयंती, माघी गणपती, मग शिमगा, मध्ये कुठे ना कुठे सप्ताह. ऑक्टोबर सोडा. नोव्हेंबरला उघडा.

कुळीथपिठी

@कातकाम, झोंबलं पण मान्य. आमची जमीन खंडाने दिलेली, त्यामुळे कापणी मला रस्त्यावरून दिसते फक्त.

रातांबा

माझा अनुभव लिहिते, थोडा लांबेल.

वय ५४. आमचं महिला भजन मंडळ आहे, बारा जणी. पेटी एक वहिनी वाजवतात, टाळ-झांज सगळ्यांना येते, पण पखवाजाला कायम एक पुरुष बोलवावा लागायचा. त्याची वेळ असेल तेव्हा आमचं भजन. तो आला नाही की आम्ही टाळावर. एकदा सप्ताहात आमचा पहारा दुपारी दोनचा होता, तो जेवून झोपला, आलाच नाही, आणि बाजूचे मंडळवाले हसले. त्या रात्री मी ठरवलं.

वर्गात गेले तर सगळी बारा-चौदा वर्षांची मुलं. मला बघून त्यांना वाटलं मी कोणाला तरी न्यायला आलेय. शिकवणारे काका पण म्हणाले "वहिनी, पखवाज जड पडेल, ढोलकी घ्या". मी म्हटलं कळशी कमरेवर घेऊन विहिरीवरून चढण चढलेय तीस वर्षं, पखवाज किती जड असेल. मांडी घालून साडीत बसणं जमलं, उजवा हात पण महिन्याभरात वळला, डाव्याचा "धा" मात्र दोन महिने येईना. नुसता "थप्". काका म्हणायचे हात टाकून लगेच उचलू नका, नाहीतर म्हणायचे उचला, काय करावं कळेना. मग एके दिवशी भाकरी थापताना कळलं. तळवा आपटायचा नसतो, सैल सोडायचा असतो, वजन आपोआप पडतं. दुसऱ्या दिवशी वर्गात "धा" आला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. एवढा आनंद मला दहावी पास झाल्याचा पण झाला नव्हता.

आता तुमच्या प्रश्नाकडे. तुम्ही म्हणता गणपतीनंतर कोणी येत नाही. अहो, आम्हा बायकांना गणपतीआधी येताच येत नाही! श्रावणातले सणवार, घर सारवणं, करंज्या-मोदक, पाहुणे, चाकरमान्यांची जेवणं. आमचा श्वास सुटतो तो कापणी झाल्यावर, आणि तो पण दुपारी, संध्याकाळी पाचला नाही. तुमची खोली दुपारी अडीच ते चार काय करते?

सोलकढी_दोन_ग्लास

दंडवत ताई. _/\_

तिरफळ

@रातांबा, यावर विनोद सुचत नाहीये. प्रतिसाद आवडला.

धाकटा_बुवा

महिलांनी शिकावं, काहीच हरकत नाही, पण डबलबारीचा पखवाज वेगळा, त्याला ताकद लागते.

रातांबा

@धाकटा_बुवा, तुमच्या गावात सप्ताह कधी असतो ते कळवा. येते.

बारावी_पास

=)) =)) पॉपकॉर्न घेऊन बसलो.

कुळीथपिठी

बऱ्याच दिवसांनी स्वतःचाच धागा वर काढतोय. दिवाळी झाली, कापणी पण झाली, म्हणून हिशोब देतो.

बुवांना पढंतीचं सांगितलं. पहिल्या दिवशी म्हणाले "मला शिकवतोस?", पण चौथ्या दिवशी स्वतःच पोरांना टाळी धरायला लावली. खडू कमी लागतात आता. परीक्षेला सात जणांची नावं दिली होती, त्यातली दोन घरच्यांनी मागे घेतली. मंडळवाल्यांशी बोललो. ते म्हणाले वर्गात येणाऱ्यालाच वाजवायला बसवू, आणि दुसऱ्याच आठवड्यात न येणाऱ्याला बसवला. तिथे काही होणार नाही. चतुर्थीत आमच्या वाडीत मी हट्टाने पहिली आरती पोरांकडे दिली, आमचेच एक थोरले बंधू दोन दिवस माझ्याशी बोलत नव्हते. ऑक्टोबरभर खोली बंद ठेवली, @कातकाम यांचं ऐकून. कोंबडीचा गैरसमज झाला असणार.

परवा मंगळवारी उघडली. संध्याकाळी सहा पोरं. तीनच्या दुपारच्या वर्गाला, ज्याबद्दल बुवा आधी "कोणी येणार नाही बघ" म्हणत होते, अकरा बायका. दोघी चुलत जावा, एकमेकींशी बोलत नाहीत, त्यांना एकाच पखवाजासमोर बसावं लागलं कारण बाकीचे अडकलेले. बुवांची पंचाईत अशी की खडू कोणावर फेकता येत नाही. पूर्ण वेळ हातात धरून बसले होते.

आता नवीन प्रश्न. पखवाज पाचच, त्यातल्या एकाचं धुमेचं पान गेलंय. कुडाळ-कणकवली-सावंतवाडी पट्ट्यात पुडी चढवून देणारं कोणी आहे का? पूर्वी जत्रेत एक कारागीर यायचे, ते आता येत नाहीत.

चाकरमानी_वरचीवाडी

दादरला मिळेल तयार पान. मी पुढच्या महिन्यात येतोय, मापं कळवा, दोन्ही तोंडांचा व्यास इंचात. आणि हो, पुतण्याला पहिली आरती दिली. दुसरी मी घेतली.

गंजलेला_स्ट्रिंग

व्यासाबरोबर खोडाची लांबी आणि वादी आहे की नटबोल्ट ते पण कळवा, नाहीतर गजरा बसणार नाही. आणि वादीचा असेल तर वादी वेगळी मागवा, जुनी पुन्हा ओढू नका, तुटते.

कुळीथपिठी

वादीचा आहे. उद्या मोजून टाकतो, आज टेप सापडत नाहीये.